तिसऱ्यांदा लावलेला पाय

मी पायाळू आहे. जन्मताना सगळ्यांचं डोकं आधी येतं, माझे पाय आले. आमच्या बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात अशा माणसाला भलताच मान असतो. कुणाची कंबर लचकली, पाठीत उसण भरली, की दवाखान्याच्या आधी पायाळू शोधतात. पायाळूनं दुखऱ्या जागी तीनदा पाय लावायचा, की लचक उतरते. उतरते म्हणजे उतरतेच. त्यात शंका काढणाऱ्याला आमच्याकडं शहाणा म्हणत नाहीत, आगाऊ म्हणतात.

लहानपणी सुट्टीत मी आईच्या माहेरी, बोरगावला जायची. तिथं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पोती उचलणारी माणसं लई. संध्याकाळी मामाच्या अंगणात एकेक जण येऊन पालथा पडायचा. मी सात-आठ वर्षांची, भिंतीला हात टेकून एका पायावर उभी. पहिल्यांदा नुसता पाय टेकवायचा, दुसऱ्यांदा जरा दाबायचा, तिसऱ्यांदा टाच रोवायची. तिसऱ्यांदा तो गडी 'आई गं' म्हणून ओरडायचा आणि मग उठून बसून हसायचा. "उतरली बघा! पोरीच्या पायात हाय कायतरी!" मग मला लिमलेटच्या गोळ्या. मी इतकी शेफारले होते की शाळेत मास्तरांनी पट्टी मारली तर मनात म्हणायची, थांबा, तुमची कंबर धरू दे एकदा, मग बघते.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीही म्हणेल, एवढी शिकलेली बाई आणि असं कसं केलं हिनं? मलाही तेच कळत नाही. दोन वर्षं होऊन गेली. माझ्या टाचेनं माझ्या थोरल्या भावाचे, अण्णाचे पाय घेतले का, एवढा एकच प्रश्न घेऊन मी ही दोन वर्षं उठले, जेवले, झोपले.

आमचं घर वडगावात, विणकरांचं. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागच्या खोलीत आम्ही. आमचे वडील, आप्पा, गेले तेव्हा अण्णा दहावीत होता. त्यानं दप्तर खुंटीला लावलं आणि माग धरला. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. माझं सगळं शिक्षण त्या मागांच्या खडखडाटात झालं, इतकं की परीक्षेच्या हॉलमधल्या शांततेत मला काही सुचायचंच नाही. बारावी झाली, बीएस्सी झाली, एमएस्सी झाली, आणि मी बेळगावातल्याच एका संस्थेत पीएच.डी.ला लागले. आता विषय ऐका. मज्जारज्जूला इजा झाल्यावर जनुकांच्या कामात होणारे बदल. मज्जारज्जू म्हणजे मणक्यांच्या आतून जाणारी नसांची जाड दोरी. म्हणजे पाठीच्या दुखण्याशी माझं जन्मापासूनचं जे नातं होतं, त्याचंच मी पुस्तक लिहायला बसले होते.

हे अण्णाला समजावून सांगताना मी मागाचा दाखला दिला होता. आमच्या मागावर माथ्याला जकार्ड असतं. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं त्यातून फिरतात, आणि कार्डाप्रमाणं कुठला धागा वर उचलायचा ते ठरतं. मी म्हणाले, "प्रत्येक पेशीत कार्डांचा तोच गठ्ठा असतो अण्णा, पण कुठलं कार्ड कधी चालवायचं ते जागेवर ठरतं. पाठीला मार बसला की गठ्ठा बदलत नाही. चालणारी कार्डं बदलतात. पहिल्या काही तासांत सूज आणणारी धडाधड सुरू होतात, निरोप पोचवणारी एकेक करून गप्प होतात, आणि काही दिवसांनी व्रण धरणारी चालू होतात. तो व्रण एकदा बसला की नसांना पलीकडं जाता येत नाही."

अण्णा धोट्यात सुताची कांडी लावता लावता म्हणाला, "म्हंजे कार्डं चांगली असून कापड बिघडतंय. मग लावणाऱ्याला धर की, कार्डं कशाला चाळत बसलीस?"

मी दुसऱ्या दिवशी गाईडना हे सांगितलं तर ते खुर्चीत मागं रेलून हसले. आईचं वेगळंच. मी एकदा लाल-निळ्या चौकोनांचा मोठा तक्ता छापून आणला होता. लाल म्हणजे वाढलेलं जनुक, निळं म्हणजे दबलेलं. आईनं तो उभा धरला, आडवा धरला. "पदराचं डिझाइन हाय का काठाचं?" म्हणाली. "आन निळं लई झालंय, कोण नेसणार असलं?"

प्रयोगशाळेत उंदीर होते. त्यांना भूल देऊन पाठीच्या दोरीवर नेमका, मोजून मार द्यायचा आणि नंतर ठरलेल्या वेळी त्या जागेच्या पेशी तपासायच्या. ते मला कधी आवडलं नाही, पण मी केलं. इजा झालेल्या उंदराला लघवी आपसूक होत नाही. सकाळ-संध्याकाळ त्याला हातात धरून पोटाखाली दोन बोटांनी हळूच दाबावं लागतं. ते काम माझ्याकडं होतं आणि माझा हात हलका म्हणून सगळे माझं कौतुक करायचे.

तो रविवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. नवीन डिझाइन लावायचं म्हणून अण्णा जकार्डाची कार्डं बदलायला मागाच्या माथ्यावर चढला होता. हे तो महिन्यातनं चार वेळा करायचा, तोंडानं गाणं चालू ठेवून. मी आत भाजी चिरत होते. दुसरा माग चालू होता, त्यामुळं पडल्याचा आवाज मला आला नाही. मला आली ती आईची हाक.

जाऊन बघते तर अण्णा खाली. सूत गुंडाळायचा लोखंडी रूळ, बीम, रिकामा जमिनीवर ठेवलेला, त्याच्या कडेवर पाठ आदळून तो बाजूला कलंडला होता. तोंड पांढरंफटक. डोळे उघडे. मी माग बंद केला. तो म्हणाला, "कंबर धरली गं. लई धरली."

रक्त नव्हतं कुठंच. त्यामुळं आमचा जीव भांड्यात पडला, बघा! कपाळ आमचं. आई म्हणाली, "लचकला. चढताना सांगत हुतो मी, चप्पल काढ म्हणून." (आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. मी शिकून बिघडले.) अण्णा कोपरावर जोर देऊन, दात खात, स्वतःच पालथा झाला. लचक भरलेला माणूस जसा होतो तसाच. आणि तसं होताना त्याच्या उजव्या पायाचा अंगठा फरशीवर घासत वर सरकला. सरकला? की मला नंतर तसं वाटायला लागलं? हे मी किती हजार वेळा आठवून बघितलंय ते सांगता येणार नाही.

आई माझ्यावर खेकसली, "बघत काय उभारलीस? लाव की पाय!"

आणि मी पाय लावला.

लिहितानासुद्धा मला दरदरून घाम फुटतो. मी! मणक्याला मार लागलेल्या प्राण्याला कसं उचलायचं, कसं ठेवायचं, एक अंशसुद्धा वाकू कसं द्यायचं नाही, हे नवीन मुलांना शिकवणारी मी! डोक्यात एक शब्द आला नाही हो. लॅबमधलं डोकं मी रोज लॅबच्या खुंटीवर अडकवून घरी येत होते की काय? आईचा तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आले होते. तो आवाज आला, की मी भिंतीला हात टेकणार, एक पाय उचलणार. हातानं भिंत कधी धरली तेही मला आठवत नाही.

पहिल्यांदा टेकवला. दुसऱ्यांदा दाबला. तिसऱ्यांदा टाच रोवली. अण्णा ओरडला. सगळेच ओरडतात, मी म्हणाले तसं. मग गप्प झाला आणि मोठा श्वास सोडला.

आई म्हणाली, "उतरली. ऊठ आता, बस हळूच."

अण्णानं दोन्ही हातांनी जमीन रेटली. छाती वर आली. खालचा भाग तिथंच राहिला. त्यानं परत रेटलं. मग मान वळवून मागं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात, चहा झाला का विचारावं तसं विचारलं, "माझं पाय कुठायत गं?"

तेव्हा माझं डोकं आलं. आता आलं! मी किंचाळले. कुणी हात लावू नका, कुणी उचलू नका. शेजारची माणसं धावून आली होती, ती काखेत हात घालून उठवायला निघाली तर मी त्यांच्या अंगावर धावून गेले. साड्यांच्या घड्या घालायची लांब फळी काढायला लावली. मान धरून, कंबर धरून, चौघांनी एका मोजणीवर त्याला फळीवर घेतलं. टॉवेलच्या वळकट्या करून मानेला दोन्हीकडून लावल्या. नव्या दोन साड्यांनी त्याला फळीला बांधलं. अँब्युलन्स आली तेव्हा त्यातला माणूससुद्धा बघत राहिला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी फोटो बघितले. मणका फुटून आतल्या दोरीवर आला होता. बाहेर येऊन त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, फळीवर कुणी बांधलं? आई म्हणाली, माझ्या पोरीनं. डॉक्टर मला म्हणाले, "फार चांगलं केलंत. लोक अशा पेशंटला स्कूटरवर मध्ये बसवून आणतात. तुमच्यासारखं कुणी घरात असलं की आमचं काम सोपं होतं." असं म्हणून माझ्या खांद्यावर थोपटलं! मी खांदा मागं घेतला.

मग ते अण्णाच्या खाटेशी गेले. पाय कधी गेले, पडल्यावर लगेच, की नंतर? मध्ये कुणी हलवलं का? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण अण्णा माझ्याकडं न बघता कन्नडमध्ये म्हणाला, पडलो त्या क्षणीच गेले. कुणी हलवलं नाही. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

मी तोंड मिटलं. त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवत नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. शी! भाऊ कंबरेखाली मेलाय आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

ऑपरेशन झालं. पाठीत सळया आणि स्क्रू बसले. दिवसांमागून दिवस गेले, पाय आले नाहीत. एकदा नर्सबाई आईला आणि मला अण्णाची लघवी काढायला शिकवत होत्या. नळी कशी घालायची, पोट कसं चाचपायचं, भरलंय की नाही कसं ओळखायचं. माझी बोटं त्याच्या बेंबीखाली गेली आणि थेट त्या जागेवर थांबली. नर्सबाई म्हणाल्या, "तुम्हाला येतंय की! कुठं शिकलात?" मी काय सांगणार? उंदरांवर शिकले म्हणून? मी बाहेर जिन्यात जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पिंजऱ्यात हात घातला, एक उंदीर उचलला, आणि माझी बोटं त्याच्या पोटाशी गेली ती तशीच राहिली. त्याचे मागचे पाय लोंबत होते. मी हे वर्षभर रोज बघत होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

लोक म्हणाले, आता विषय बदल. मी बदलला नाही. लोकांना वाटलं, भावासाठी करतेय, केवढी जिद्द पोरीची! कसली जिद्द? मी सुटका शोधत होते. आमच्या शास्त्रात एक मोठी सोय आहे. मार बसतो तो एका क्षणाचा, पण खरा नाश पुढं होतो. सूज येते, रक्त अडतं, शेजारच्या चांगल्या पेशी मरतात, जनुकांचा कारभार उलटापालटा होतो. तासागणिक, दिवसागणिक. ती दुसरी इजा. माझे सगळे लाल-निळे तक्ते त्या दुसऱ्या इजेचे होते. मी ते पुन्हा पुन्हा बघायची आणि मनात म्हणायची, बघ, हे सगळं आपोआप झालंय. कुणी केलेलं नाही. बीम होता, पडला, पुढचं आतल्या आत झालं. अण्णा स्वतः म्हणाला, त्या क्षणीच गेले. आणि अंगठा? अंगठा मला भास झाला असेल.

एकदा तर माझ्या सगळ्या नोंदी काढून बसले. मार लागल्यापासून दहा मिनिटांच्या आत त्याच जागी परत दाब पडला तर काय होतं, हे कुठं सापडतंय का बघायला. सापडणार कसं? आमच्या एकाही उंदराला आधी पाडून मग त्याच्या बहिणीनं वर पाय दिला नव्हता.

गल्लीत मी व्याख्यानं देत हिंडले. भाजीवालीलासुद्धा सोडली नाही. "मावशी, मार लागल्यानं नसतं होत तेवढं, नंतरच्या सुजेनं होतं." ती बिचारी म्हणायची, "व्हय गं बाय, देवाची करणी." मी तिच्यावर चिडायची. देवाची नाही, जनुकांची! जणू त्यानं काही फरक पडणार होता.

याच दिवसांत एकदा अनगोळहून एक बाई आली. कंबर वाकडी, सुनेच्या खांद्यावर हात. पायाळू हितंच राहती का, म्हणून विचारत होती. मी बाहेर यायच्या आत आई उंबऱ्यात उभी. "न्हाय! कुणी सांगितलं तुमास्नी? माझी पोर डोक्याकडनंच झालीय. पायाळू-बियाळू कायबी न्हाय. दवाखान्यात जावा!" ती बाई आणि सून बघतच राहिल्या. ज्या बाईनं माझ्या जन्माची गोष्ट अख्ख्या तालुक्याला ऐकवली होती, ती दारात उभी राहून माझा जन्मच बदलत होती. मला वाटलं, चला, डॉक्टरांचं ऐकून आईला अक्कल आली एकदाची. मी मनात तिचं कौतुकसुद्धा केलं.

अण्णा खुर्चीत बसायला लागला. चाकाच्या. बोरगावकडचं एक स्थळ त्याच्यासाठी जवळपास ठरलं होतं, त्याबद्दल परत कुणी बोललं नाही, तोही बोलला नाही. माग आता शेजारचा एकजण येऊन चालवतो. अण्णा कांड्या भरतो आणि कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढतो. चांगली काढतो. चिडका झालाय. आईवर चिडतो, माझ्यावर चिडतो, पंख्यावर चिडतो. मला ते बरं वाटायचं. माझ्यावर राग काढतोय तोवर काही फिटतंय, असं वाटायचं.

गेल्या महिन्यात माझा प्रबंध बांधून आला. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. तोंडी परीक्षा झाली, पास झाले. त्याच दिवशी दुपारी स्कूटरवरून घरी आले तेव्हा लाईट गेलेली होती आणि सगळ्या गल्लीचे माग गप्प होते. वडगावात अशी शांतता पडली तरी माणसं आवाज खाली आणत नाहीत. सवयीनं ओरडूनच बोलतात. अण्णा पुढच्या खोलीतूनच ओरडला, "आणलीस व्हय पोथी? आण हिकडं. आन मला कळंल असं सांग, न्हायतर मी नापास करतो तुला."

मी त्याच्यासमोर फरशीवर बसले आणि सांगायला लागले. पहिल्या तासात कुठली जनुकं उठतात, पहिल्या दिवसात कुठली, आठवड्यानं कुठली. तक्ते दाखवले. तो नीट बघत होता. चौकोन बघायची त्याची नजर माझ्यापेक्षा तयार आहे, एक निळा चौकोन चुकीच्या जागी होता तो त्यानं लगेच धरला. आणि बोलता बोलता माझं तेच सुरू झालं. "म्हणजे बघ अण्णा, मार काय, एका क्षणाचा. खरा घात नंतर होतो. आतल्या आत. तो कुणाच्या हातात नसतो."

"ह्ये तू मला सांगालीस, का सोताला?"

मी तडकले. "तुलाच सांगतेय! कळतंय का काही?"

"कळतंय की. बरं, एक सांग." त्यानं प्रबंध मिटून मांडीवर ठेवला. त्या मांडीला त्याचं वजन कळत नव्हतं. "मार लागला. दहा मिनिटं झाल्यात. त्याच जागी परत दाब पडला, तर? त्याचं कुठलं पान?"

मी प्रबंध परत घ्यायला हात पुढं केला. "तसा प्रयोग... आम्ही केला नाही."

"केला की," अण्णा म्हणाला. "हितंच. ह्याच फरशीवर."

मला वाटलं, तो चिडून बोलतोय, नेहमीसारखा, आता काहीतरी फेकेल. पण त्याच्या तोंडावर राग नव्हताच. मी म्हणाले, "तू डॉक्टरांना सांगितलंस. त्या क्षणी गेले म्हणालास."

"मग काय सांगू? बहिणीनं टाच घातली म्हणून लिहा म्हणू?" तो थांबला. "पडलो तवापासनं दोन्ही पायात आग व्हत हुती. नुसती आग. मुंग्या. तू दोनदा लावलास तवर हुती. तिसऱ्यांदा टाच रोवलीस आन आग गेली. एका झटक्यात सगळं गार. मला वाटलं, उतरली. अगं येडे, मी तुला शाब्बास म्हणणार हुतो."

शाब्बास! मी त्याचे पाय घेतले आणि तो मला शाब्बास म्हणणार होता! मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं तरी आवाज बाहेर आला. मी ओरडले, "दोन वर्षं! दोन वर्षं माहीत होतं तुला आणि मला बोलला नाहीस? मला शिव्या दिल्या असत्यास, हाकलून दिलं असतंस!"

"आन तू शिकायचं सोडून हितं माझं गू-मूत काढत बसली असतीस."

"मग आजच कशाला सांगितलंस?"

"आज तू पास झालीस. आन उंदरांच्या आड लपालीस. ते मला बघवंना." त्यानं खुर्ची पुढं घेतली आणि माझ्या डोक्यावर थापटी मारली, जोरातच. "तुझं मला एवढं वाटत न्हाय. तू रडशील, भांडशील, जगशील. भ्या हाय ते आईचं. पाय लाव म्हणून तिनं सांगितलंतं. तिला कळलं तर ती जगायची न्हाय. आईला ह्यातलं कधी कळू द्यायचं न्हाय. तुला माझी शपथ हाय."

"शपथ कशाला घालालास तिला?"

आई आतल्या दारात उभी होती. हात ओले होते. किती वेळ उभी होती कोण जाणे, आम्ही दोघं तर सवयीप्रमाणं गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं बोलत होतो.

अण्णा घाईनं म्हणाला, "कायबी न्हाय आई, हिच्या परीक्षेचं बोलालोय."

"मी तुझ्या पायाशी बसलेलो की रं तवा," आई म्हणाली. "हिचं लक्ष तुझ्या पाठीवर हुतं. मी खाली बसून दोन्ही पाय धरलेलो, तू झाडू नयेस म्हणून. पहिल्यांदा लावला तवा तू पाय ओढलास. दुसऱ्यांदाबी ओढलास, माझ्या हातातनं सुटाय बघालतास. तिसऱ्यांदा..." तिनं आपले ओले हात पुढं करून त्यांच्याकडं बघितलं. "तिसऱ्यांदा सैल पडलं. माझ्या हातात. मला त्याच टायमाला कळलं, आन मी 'उतरली' म्हणालो. हातात तुझं सैल पाय, आन तोंडानं 'उतरली' म्हणालो."



"मला वाटत हुतं, तुमा दोघास्नी ठाऊक न्हाय," आई म्हणाली. "तुमास्नी कळू नये म्हणून मी रोज..." ती दाराला धरत धरत खाली यायला लागली. तिला धरायला अण्णा खुर्चीतून झेपावला, पाय नाहीत हे विसरून, आणि खुर्ची पुढं कलंडली. मी उठून दोघांच्या मध्ये धावले, आणि आधी कुणाला धरावं तेच मला कळेना.